जुने तेल बदलावे की राहू द्यावे?
स्वयंचलित गिअरबॉक्सची निगा आणि वाहनमालकाचा हिशेब

मालवाहतुकीच्या व्यवसायात वाहन हेच भांडवल असते आणि कर्जाची परतफेडही त्याच्याच चाकांवर अवलंबून असते. वाहन दुरुस्तीसाठी उभे राहिले, तरी बँकेचा मासिक हप्ता थांबत नाही; चालकाचा पगारही थांबत नाही. म्हणूनच देखभाल हा केवळ मिस्त्रीचा विषय नसून वाहनमालकाच्या जमाखर्चाचाही विषय ठरतो. इंजिन ऑइल वेळेवर बदलण्याबाबत बहुतेक वाहनधारक दक्ष असतात. स्वयंचलित गिअरबॉक्समधील तेल मात्र वर्षानुवर्षे विस्मरणात राहते. पुढे केव्हातरी त्याची आठवण होते आणि प्रश्न पडतो, इतके जुने तेल आता बदलावे की तसेच राहू द्यावे?

हा प्रश्न कोणत्या वाहनांचा?

भारतातील बहुसंख्य ट्रकमध्ये हाताने बदलावयाचे गिअर असतात. त्यांत दाट गिअर ऑइल वापरले जाते. अलीकडच्या काही ट्रकमध्ये ‘एएमटी’ ही व्यवस्था आढळते. तिच्यात क्लचचे पेडल नसते, परंतु गिअरबॉक्सची मूळ रचना हाताच्या गिअरसारखीच असते. त्यामुळे तिला स्वयंचलित गिअरबॉक्सचे तेल चालेल, असे गृहीत धरणे चुकीचे आहे. खऱ्या अर्थाने स्वयंचलित गिअरबॉक्स, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर असलेला, हा काही पिकअप ट्रकमध्ये, खाणींतील डंपरमध्ये आणि शहर बसगाड्यांमध्ये असतो. दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांच्या सुमारास रस्त्यावर आलेल्या सखल तळाच्या बसगाड्या हे त्याचे परिचित उदाहरण होय. प्रस्तुत विवेचन अशाच वाहनांपुरते आहे.

एक तेल, अनेक कामे

या गिअरबॉक्समध्ये इंजिनची शक्ती चाकांकडे नेण्याचे काम प्रथम तेलच करते. टॉर्क कन्व्हर्टरमधील एक पंखा तेल फिरवतो आणि त्या तेलाच्या वेगाने समोरचा पंखा फिरू लागतो. तेच तेल पंपाच्या दाबाने झडपांतून जाऊन योग्य वेळी योग्य क्लच प्लेट आवळते, दातचाकांना वंगण देते आणि निर्माण झालेली उष्णता कूलरपर्यंत वाहून नेते. शिवाय क्लच प्लेट घसरू नयेत आणि झटकाही बसू नये, एवढेच नेमके घर्षण त्याला राखावे लागते.

घर्षणाचा हा तोल साधणे सोपे नव्हते. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९४० सालच्या ओल्डस्मोबाइल मोटारींसाठी ‘हायड्रा-मॅटिक’ हा स्वयंचलित गिअरबॉक्स आणला आणि १९४९ मध्ये अशा गिअरबॉक्ससाठी ‘टाइप ए’ हे तेलाचे मानक ठरविले. त्या काळच्या तेलांत घर्षणाचा तोल राखण्यासाठी स्पर्म व्हेल या सागरी प्राण्याचे तेल मिसळले जाई. व्हेलच्या संरक्षणासाठी १९७० च्या दशकाच्या आरंभी निर्बंध आल्यानंतर त्याची जागा रासायनिक द्रव्यांनी घेतली. आज प्रत्येक उत्पादकाचे मानक वेगळे आहे. रंग लाल दिसला म्हणजे तेल योग्य, असे समजू नये. तो रंग केवळ ओळखीसाठी मिसळलेला असतो. गाडीच्या पुस्तिकेत नमूद केलेले मानक हाच एकमेव आधार मानावा.

तेल जुने होते म्हणजे काय?

तेलाचा मोठा शत्रू म्हणजे उष्णता. तापमान दर दहा अंश सेल्सिअसने वाढले की तेल खराब होण्याचा वेग साधारणतः दुप्पट होतो, असा तंत्रज्ञांचा ढोबळ नियम आहे. घाटातील चढण, क्षमतेपेक्षा अधिक भार, शहरातील सततचे थांबणे आणि निघणे यांमुळे तेल तापते. त्यातील रासायनिक द्रव्ये क्षीण होतात, क्लच प्लेटचा सूक्ष्म चुरा त्यात मिसळतो आणि झडपांवर चिकट थर साचतो. मग गिअर उशिरा पडणे, झटका बसणे, इंजिनचे फेरे वाढूनही वेग न वाढणे ही लक्षणे दिसू लागतात. म्हणूनच जड वापरातील वाहनांसाठी उत्पादक तेलबदलाचे अंतर कमी ठेवतात.

‘झाकली मूठ’ कितपत खरी?

“जुने तेल बदलले की गिअरबॉक्स बसतो” ही समजूत अनेक गॅरेजमध्ये ऐकू येते. झाकली मूठ सव्वा लाखाची, असाच तिचा सूर असतो. या समजुतीमागे अनुभव आहे, परंतु कारण उलट लावले जाते. अनेक मालक गिअरबॉक्स घसरू लागल्यावरच तेल बदलावयास येतात. तोवर क्लच प्लेटचे अस्तर झिजलेले असते आणि नवे तेल ते भरून काढू शकत नाही. पुढे गिअरबॉक्स निकामी होतो आणि दोष मात्र नव्या तेलाच्या माथी येतो.

निर्णय तेलाच्या वयावरून नव्हे, तर गिअरबॉक्सच्या अवस्थेवरून घ्यावा. गिअर सुरळीत पडत असतील, तर तेल कितीही जुने असले तरी ते बदलणेच हिताचे. गिअर घसरत असतील आणि तेलाला करपल्याचा वास येत असेल, तर प्रथम जाणकार तंत्रज्ञाकडून तपासणी करून घ्यावी. अशा वेळी केवळ तेलावर खर्च करणे म्हणजे बुडीत खात्यात आणखी रक्कम घालण्यासारखे आहे.

बदल कसा करावा?

जुन्या तेलाच्या बाबतीत यंत्राच्या दाबाने सर्व तेल एकदम धुऊन काढण्यापेक्षा साधा निचरा अधिक सुरक्षित मानला जातो. दाबामुळे साचलेला गाळ सुटून झडपांच्या अरुंद मार्गांत अडकण्याचा धोका असतो.

गाडी सपाट जागी उभी करून चाकांना अडथळे लावावेत. तेल कोमट असताना निचरा करावा, कारण तापलेल्या तेलाने गंभीर भाजू शकते. त्यानंतर तळाचे तेलपात्र उघडून आतील लोहचुंबक पाहावा. त्यावर करड्या रंगाचा मऊ लेप असणे स्वाभाविक आहे. धातूचे कण किंवा तुकडे आढळल्यास मात्र काम तेथेच थांबवून तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. फिल्टर आणि पॅकिंग नवे घालावे. जेवढे तेल निघाले तेवढे मोजून तेवढेच भरावे. शेवटी पुस्तिकेत सांगितलेल्या तापमानाला आणि पद्धतीने पातळी तपासावी. पातळी कमी असल्यास दाब पडत नाही, अधिक असल्यास तेलाचा फेस होतो. दोन्ही सारखेच घातक.

एका निचऱ्यात सर्व तेल निघत नाही, कारण बराचसा भाग टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतो. येथे घसाऱ्याच्या घटत्या शिल्लक पद्धतीचे गणित उपयोगी पडते. प्रत्येक वेळी ४० टक्के तेल निघते असे धरल्यास पहिल्या निचऱ्यानंतर ६० टक्के, दुसऱ्यानंतर ३६ टक्के आणि तिसऱ्यानंतर सुमारे २२ टक्के जुने तेल उरते. थोड्या थोड्या अंतराने दोन-तीन वेळा बदल केल्यास बहुतांश तेल नवे होते आणि गिअरबॉक्सवर एकदम ताणही येत नाही.

काढलेले तेल गटारात किंवा जमिनीवर ओतू नये. वापरलेले तेल हा २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा असून ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जावयास हवे.

हिशेबाची बाजू

अनेक वाहनधारकांचा असा समज असतो की, विमा आहे म्हणजे गिअरबॉक्सचीही चिंता नाही. मोटार विम्याच्या सर्वसाधारण पॅकेज पॉलिसीत झीज आणि यांत्रिक बिघाड यांची भरपाई मिळत नाही. अपघात नसताना निकामी झालेल्या गिअरबॉक्सचा खर्च मालकालाच सोसावा लागतो, आणि तोही वाहन उभे राहून उत्पन्न थांबलेले असताना. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

म्हणून वाहनाच्या मासिक खर्चात देखभालीसाठी एक ठराविक रक्कम बाजूला ठेवावी. तेलबदलाची तारीख, किलोमीटर आणि तेलाचे मानक यांची नोंद ठेवून पावत्या जपाव्यात. हमीचा दावा करताना आणि पुढे वाहन विकताना याच नोंदी उपयोगी पडतात. जुने वाहन विकत घेणाऱ्यांनीही रंगरंगोटी आणि टायर पाहण्याआधी गिअरबॉक्सच्या तेलाचा वास घ्यावा आणि अशा नोंदींची मागणी करावी. बँकेकडे नजरगहाण असलेले वाहन सुस्थितीत राहणे हे कर्जदार आणि बँक या दोहोंच्याही हिताचे आहे. तेलबदलाचा खर्च गिअरबॉक्सच्या दुरुस्तीच्या तुलनेत अल्प असतो. तो वेळेवर करणे एवढेच मालकाच्या हाती असते.