मुरगळलाय ना, चोळून टाक!

संध्याकाळी पोर मैदानावरून लंगडत घरी येतं. आजी आंबेहळद उगाळायला बसते, बाबा पायाची बोटं हलवून दाखवायला सांगतात, शेजारचे काका चोळून द्यायला बाह्या सरसावतात. तिघांचीही माया खरी. पण तिघंही मोठ्या माणसाच्या पायाचा अनुभव लहान पायाला लावतात आणि गफलत तिथेच होते.

गैरसमज : हाडबीड काही नाही, नुसती लचक भरलीय.

वस्तुस्थिती : मोठ्यांचा पाय आत मुरगळला की बहुधा घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध ताणतात किंवा फाटतात. लचक मुलांनाही भरते. पण त्यांच्या हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चा असते, तिला डॉक्टर ग्रोथ प्लेट म्हणतात. हाडाची लांबी तिथूनच वाढते आणि ही जागा बऱ्याचदा अस्थिबंधांपेक्षा कच्ची असते. खो-खोत गर्रकन वळताना बसलेल्या ज्या झटक्याने मोठ्यांचा अस्थिबंध फाटेल, त्याच झटक्याने मुलाची कूर्चा सरकू शकते.

टोरांटोचे डॉक्टर सॉल्टर आणि हॅरिस यांनी १९६३ मध्ये या दुखापतींचे पाच प्रकार मांडले. पहिल्या प्रकारात चीर फक्त कूर्चेतून जाते आणि कूर्चा एक्स-रेमध्ये दिसत नाही. म्हणून एक्स-रे नॉर्मल आला तरी हाडावर बोट ठेवताच मूल कळवळत असेल, तर पायाला आधार देऊन काही दिवसांनी पुन्हा तपासून घ्यावं. अशा बहुतेक दुखापती चांगल्या बऱ्या होतात. गंभीर इजेत मात्र एका बाजूची वाढ थांबून घोटा तिरका होऊ शकतो आणि ते लक्षात यायला कित्येक महिने जातात. नडगीच्या खालच्या टोकाची कूर्चा मुलींमध्ये साधारण १४-१५ व्या आणि मुलग्यांमध्ये १६-१७ व्या वर्षी हाडात मिसळते. तोवर हा धोका राहतो.

गैरसमज : बोटं हलतायत, म्हणजे हाड शाबूत आहे.

वस्तुस्थिती : बोटं हलवणारे मोठे स्नायू पोटरीत असतात. घोट्याचं हाड मोडलं तरी ते आपलं काम करतात. खरी खूण वेगळी आहे. कॅनडातल्या ओटावात १९९२ मध्ये तयार झालेले नियम डॉक्टर आजही वापरतात. लागल्यावर लगेच आणि तपासतानाही लंगडत का होईना चार पावलं टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढावा. चालता आलं, पण घोट्याच्या दोन्ही उंचवट्यांच्या मागच्या कडेला किंवा करंगळीच्या रेषेत पावलाच्या मध्यावरच्या हाडावर दाबल्यावर दुखलं, तरीही काढावा.

गैरसमज : चोळलं, शेकलं की उतरतं.

वस्तुस्थिती : पहिले दोन दिवस आत ताजा रक्तस्राव असतो. शेकण्याने आणि चोळण्याने सूज वाढते, मोडलेलं हाड असेल तर ते सरकतंही. आजीचा लेप कातडीवरच राहतो, भीती आहे ती काकांच्या अंगठ्याची. फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं धरावा, पाय उशीवर उंच ठेवावा, क्रेप बँडेज सैलसर बांधावं. बर्फाने वेदना कमी होते, जखम लवकर भरते असं नाही. मुलांना अ‍ॅस्पिरिन मनाने कधीही देऊ नये.

गैरसमज : टाच दुखते म्हणतो, पण ही सरावाला न जाण्याची नाटकं.

वस्तुस्थिती : ८ ते १४ वर्षांच्या खेळाडू मुलांमध्ये टाचदुखीचं नेहमीचं कारण म्हणजे सेव्हर्स डिसीज. अमेरिकी डॉक्टर सेव्हर यांनी १९१२ मध्ये त्याचं वर्णन केलं. पोटरीचा ताठ स्नायू टाचेच्या वाढत्या कूर्चेला सतत ओढत राहतो आणि ती दुखावते. टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबली की दुखते, मूल चवड्यांवर चालू लागतं. धावणं कमी करणं, बुटात टाचेखाली मऊ गादी आणि पोटरी ताणण्याचे व्यायाम, एवढ्याने बहुतेकांना आराम पडतो. कूर्चा हाडात मिसळली की त्रास संपतो.

गैरसमज : सूज उतरली, आता मैदान मोकळं.

वस्तुस्थिती : एकदा मुरगळलेला पाय पुन्हा मुरगळण्याची शक्यता जास्त असते, कारण दुखणं गेलं तरी तोल सांभाळण्याची घोट्याची जाण परतलेली नसते. एका पायावर उभं राहून तोल साधायचे व्यायाम ती परत आणतात. आधी चालणं, मग सरळ धावणं, मग नागमोडी धावणं, आणि त्यानंतरच कबड्डीची चढाई.

पाय वाकडा दिसत असेल, गार किंवा बधिर पडला असेल, तर तो सरळ करत बसू नका. आहे त्या स्थितीत आधार देऊन दवाखाना गाठा.

बाकी वेळी परत खेळू द्यायचं का, याची एक परीक्षा अंगणातच घेता येते. दुखऱ्या पायावर लंगडी घालायला सांगा. चांगल्या पायाइतकीच, तितकीच सहज जमली, तर पोराला जाऊ द्या.