पालकांच्या वादात बालकाचे हित : मुंबईतील कौटुंबिक न्यायालयाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

पती-पत्नी हे नाते न्यायालयाच्या हुकूमनाम्याने संपुष्टात येऊ शकते; माता-पिता हे नाते तसे संपत नाही. अपत्याच्या ताब्याचा वाद याच विसंगतीतून उद्भवतो. अशा दाव्यात अर्जदार असतो, जाबदार असतो. मात्र ज्याच्या आयुष्याविषयी निर्णय व्हावयाचा ते बालक सामान्यतः पक्षकार नसते. मग त्याचे हित न्यायालयापुढे कोणी व कसे मांडावयाचे? दक्षिण व मध्य मुंबईतील कौटुंबिक वास्तव लक्षात घेऊन या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कायद्याची चौकट

प्रथम तीन संज्ञांमधील भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. ‘पालकत्व’ म्हणजे अज्ञान बालकाच्या व्यक्तीविषयी व मालमत्तेविषयी निर्णय घेण्याचा अधिकार. ‘ताबा’ म्हणजे दैनंदिन संगोपन. आणि ‘भेटीचा अधिकार’ म्हणजे ताबा नसलेल्या पालकाशी बालकाचा संपर्क टिकविण्याची व्यवस्था. सर्वसाधारण कायदा १८९० चा पालक व पाल्य अधिनियम हा होय. त्याच्या कलम १७ नुसार न्यायालयाने बालकाचे वय, लिंग, धर्म, नियोजित पालकाचे चारित्र्य व क्षमता यांचा विचार करावयाचा असतो. बालक समंजस पसंती व्यक्त करण्याइतके मोठे असल्यास तिचीही दखल घेता येते. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ मध्ये पित्याचा उल्लेख प्रथम व मातेचा ‘त्याच्यानंतर’ असा आहे. परंतु पाच वर्षांखालील बालकाचा ताबा सामान्यतः मातेकडे असावा, असेही तेच कलम सांगते. १९९९ मध्ये गीता हरिहरन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ‘त्याच्यानंतर’ याचा अर्थ ‘पित्याच्या मृत्यूनंतर’ एवढाच नसून ‘त्याच्या अनुपस्थितीत’ असाही होतो, असा निर्वाळा दिला. या सर्वांवर कलम १३ ची सत्ता चालते : बालकाचे कल्याण हाच सर्वोच्च विचार.

हे तत्त्व मुंबईस नवे नाही. पित्याचे नव्हे, मातेचेही नव्हे, तर केवळ अज्ञान बालकाचेच हित निर्णायक होय, ही भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने १९४१ च्या निर्णयसंग्रहात प्रसिद्ध झालेल्या एका निर्णयात निःसंदिग्धपणे मांडली होती.

कौटुंबिक न्यायालयाची कार्यपद्धती

कौटुंबिक न्यायालय अधिनियम १९८४ मध्ये संमत झाला व मुंबईत हे न्यायालय १९८९ मध्ये स्थापन झाले. आज ते वांद्रे (पूर्व) येथे आहे. समुपदेशकांची तरतूद (कलम ६), समेटाचा प्रयत्न (कलम ९), बंद दालनातील सुनावणी (कलम ११), वैद्यकीय व समाजकल्याण तज्ज्ञांचे साहाय्य (कलम १२) आणि पुराव्याच्या नियमांतील शिथिलता (कलम १४) ही या अधिनियमाची वैशिष्ट्ये होत. बालक पक्षकार नसले तरी त्याचा आवाज न्यायाधीशांपर्यंत पोहोचावा, याचे मार्ग यांतूनच निघतात. न्यायाधीश बालकाशी आपल्या दालनात स्वतंत्रपणे बोलू शकतात. समुपदेशक त्याची मनःस्थिती जाणून अहवाल देऊ शकतात.

येथे एक अडचण संभवते. समेटासाठी झालेली बोलणी गोपनीय असावी लागतात. बालकाच्या स्थितीविषयीचा अहवाल मात्र न्यायाधीशांनी वाचल्यावाचून उपयोगाचा नाही. ताब्याच्या प्रकरणांत बालकाविषयीचा समुपदेशकाचा अहवाल गोपनीयतेच्या सर्वसाधारण नियमास अपवाद ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले. तरीही दांपत्याचा समेट घडविणारी व बालकाचे मन जाणणारी व्यक्ती शक्यतो भिन्न असावी, असे प्रस्तुत लेखकास वाटते. समेटासाठी दोन्ही पक्षांना राजी ठेवावे लागते. बालकाचे म्हणणे कधी दोघांनाही अप्रिय असते.

स्थानिक वास्तव

गिरगाव, परळ, लालबाग येथील चाळींमधील अनेक कुटुंबांचे एक टोक मुंबईत, तर दुसरे कोकणात अथवा घाटावर असते. १९८२ च्या गिरणी संपानंतर गावाकडील घराचा आधार अनेकांना घ्यावा लागला. पालकांत वाद उद्भवला की मुलास आजी-आजोबांकडे धाडणे हे म्हणूनच स्वाभाविक वाटते. परंतु १८९० च्या अधिनियमाचे कलम ९ म्हणते की, बालक जेथे सामान्यतः राहते तेथील न्यायालयात अर्ज करावा. समजा, लालबागच्या शाळेत शिकणारे मूल वादाच्या ऐन काळात गावी नेले गेले. प्रथम अधिकारक्षेत्राचाच वाद उभा राहतो, शाळा तुटते आणि दुसऱ्या पालकाची भेट दुर्मीळ होते. तात्पुरत्या स्थलांतराने सामान्य निवास बदलतोच असे नाही. तथापि हे ठरेपर्यंत गेलेले महिने बालकास परत मिळत नाहीत. कलम १२ खालील अंतरिम आदेशाचे महत्त्व येथे आहे.

दुसरा प्रश्न जागेचा. दहा बाय बाराच्या खोलीत राहणारा पालक प्रशस्त सदनिकेतील पालकापुढे दुबळा ठरावा काय? अपत्ये ही मालमत्ता वा खेळणी नव्हेत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच बजावले आहे. सांपत्तिक स्थिती हा एक घटक आहे, निर्णायक नाही. शेजारपाजार, परिचित शाळा, घरात असलेली आजी यांचेही मोल कल्याणाच्या हिशेबात धरावे लागते.

बालकाची पसंती आणि तिच्या मर्यादा

ज्याच्याकडे ताबा त्याच्या कलाने मूल बोलू लागते, हा अनुभव नवा नाही. २०१७ च्या एका निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने एका पालकाकडून दुसऱ्याविषयी मन कलुषित होण्याच्या प्रक्रियेची गंभीर दखल घेतली. म्हणून बालकाचे मत ऐकणे आवश्यक असले तरी ते कसे बनले हेही तपासावे लागते. ‘आई हवी की बाबा?’ हा प्रश्न विचारणे म्हणजे निर्णयाचे ओझे बालकाच्या खांद्यावर टाकणे होय. त्याऐवजी त्याचा दिवस कसा जातो, आजारपणात जवळ कोण असते, अभ्यास कोण घेते, हे विचारल्यास अधिक विश्वसनीय चित्र उभे राहते. भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क संहितेचे बारावे कलम बालकास मत मांडण्याचा हक्क देते. निवड करण्याची सक्ती नव्हे.

२०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पालकांच्या सहवासाचा बालकाचा हक्क अधोरेखित केला व दूर राहणाऱ्या पालकास दृक्-श्राव्य माध्यमाद्वारे संपर्काची मुभा असावी असे म्हटले. विधी आयोगाने २०१५ च्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याचा पर्याय सुचविला होता. मात्र जेथे घरगुती हिंसेचा पुरावा आहे तेथे हा पर्याय यांत्रिकपणे लागू करणे घातक ठरेल. भेटीचे आदेशही तपशीलवार हवेत : गणपतीची व मे महिन्याची सुटी कोणाकडे, मूल कोठे सोपवावयाचे, परतीची वेळ कोणती. संदिग्ध आदेशातून दर सणाला नवा वाद जन्मतो.

समारोप

कनिष्ठ महाविद्यालयातील बहुतेक विद्यार्थी अठरा वर्षांखालील, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने अज्ञानच असतात. त्यामुळे हा विषय अध्यापकांसाठीही दूरचा नाही. न्यायालयाचा आदेश पाहिल्याविना एका पालकास माहिती नाकारू नये. विद्यार्थ्यास निरोप्या करू नये. अभिप्राय मागितल्यास उपस्थिती, प्रगती व वर्तन यांविषयी प्रत्यक्ष पाहिलेल्या गोष्टीच नोंदवाव्यात, पालकांविषयी मत देऊ नये. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २६ नुसार ताब्याचे आदेश वेळोवेळी बदलता येतात, कारण बालक वाढते व त्याच्या गरजा बदलतात. त्या बदलांचा निःपक्ष साक्षीदार अनेकदा शिक्षकच असतो. पक्षकार नसलेल्या बालकाची बाजू न्यायालयापुढे यावी यासाठी अशा साक्षीची आवश्यकता आहे.