निघण्याआधी भाकरी, वाटेत केळं

परभणीहून गंगाखेड सुमारे 40 किलोमीटर. एवढ्या सायकलफेरीला उपाशीपोटी निघू नये, कारण पायांना लागतात ती कर्बोदकं. निघायला जितके तास असतील, वजनाच्या दर किलोमागे साधारण तितके ग्रॅम, असा क्रीडाआहाराचा ढोबळ हिशेब. म्हणजे 60 किलोच्या माणसाला दोन तास आधी 120 ग्रॅम. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे 70 ग्रॅम मिळतात. दोन भाकरी आणि गुळाचा खडा पुरे.

त्यातही पीठ ‘परभणी शक्ती’चं मिळालं तर अवश्य घ्या. परभणीचं कृषी विद्यापीठ आणि ‘इक्रिसॅट’ यांनी 2018 मध्ये आणलेल्या या वाणात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा जास्त आहे. लोह रक्तातून प्राणवायू वाहून नेतं, त्यामुळे विशेषतः सायकल चालवणाऱ्या मुलींसाठी मला ही भाकरी मोलाची वाटते.

ठेचा, तळण आणि शेंगदाण्याची चटणी परतल्यावर खावी. तेलकट पदार्थ उशिरा पचतात. पहाटे भाकरी जमत नसेल, तर अर्धा तास आधी वसमतकडची दोन केळी. तासाच्या पुढे फेरी गेली तर वाटेत आणखी एक. उन्हाळ्यात पाण्यात लिंबू, साखर, मीठ हवंच.