रेशनचा तांदूळ, ज्वारीचे घर



१९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसे घरात असतील तर त्यांना मिलोबद्दल विचारा. ही परदेशातून आलेली तांबडी ज्वारी तेव्हा रेशनवर मिळे. भाकरी थापताना चिरायची, चवही कुणाला रुचत नसे. पण माउल्यांनी मार्ग काढला. आधणाच्या पाण्यात पीठ मळायचे, घरची मूठभर ज्वारी असली तर तिचे पीठ त्यात घालायचे, की भाकरी जमे. दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी पदरात बांधून पोरांसाठी घरी येई.

आज मिलो नाही, पण मदतीचे धान्य आहेच. जानेवारी २०२३ पासून प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य मोफत मिळते, अंत्योदय कार्डावर घरामागे ३५ किलो. पाच माणसांच्या घराला महिन्याला २५ किलो, म्हणजे रोजचे सव्वाआठशे ग्रॅम. राबत्या घराला ते पुरत नाही, हे मान्य. पण त्यातलाही तांदूळ बऱ्याच घरांतून व्यापाऱ्याकडे जातो. "आमच्यात भात कोण खातंय?" असे म्हणतात. विकताना भाव व्यापाऱ्याचा, ज्वारी घेतानाही भाव त्याचाच! शिवाय असे विकणे नियमातही बसत नाही.

तेव्हा तांदूळ आपल्या ताटात बसवा. तो धुऊन सावलीत वाळवा आणि दळून आणा. दोन वाटे ज्वारीच्या पिठात एक वाटा हे पीठ घालून उकळत्या पाण्यात मळा. भाकरी पांढरी होते आणि मोडत नाही. अंबाडीच्या भाजीत ज्वारीच्या कण्या घालतोच, त्या जागी तांदळाची कणी आणि थोडी तुरीची डाळ घाला. धिरड्यासाठी तीन वाट्या तांदूळ, एक वाटी कोणतीही डाळ आणि चिमूटभर मेथ्या भिजवून वाटा व रात्रभर ठेवा. सकाळी पोरं मागून खातील.

डाळीचा आग्रह उगाच नाही. अंगात मांस भरायला जे लागते, त्यातले काही तांदूळ-गव्हात कमी असते. ते डाळीत असते. डाळीत जे कमी ते धान्यात. दोन्ही एका जेवणात आले की भरपाई होते. नुसता भात नि मिरचीचा ठेचा यावर पोट भरते, पण पोर वाढत नाही.

डाळ महाग आहे, हे ठाऊक आहे. पण सोयाबीन आपल्याच शिवारात पिकते आणि सगळे आडतीला जाते, याचे मला नवल वाटते. दहा-पंधरा किलो घरी ठेवा. ते कच्चे मात्र दळू नका, कच्च्या सोयाबीनमधील एक घटक पचनाला अडथळा करतो. उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटे शिजवा, कडक वाळवा, साल काढा आणि नऊ किलो गव्हाला एक किलो या हिशेबाने दळा. पोळीला फारशी वेगळी चव येत नाही. हुलगा, मटकी असेल तर मोड आणून घुगऱ्या करा. बांधावरचा शेवग्याचा पाला, शेतातला तांदूळजा नि घोळ यांना तर पैसेही पडत नाहीत.

अंगणवाडीतून लहानग्यासाठी मिळणारा कोरडा आहार वेगळ्या डब्यात ठेवा. सगळ्यांनी वाटून खाल्ला तर ज्याच्यासाठी आला त्याला दोन घास राहतात.

तांदळात थोडे वेगळ्या रंगाचे दाणे दिसले की काही जण "प्लास्टिकचा तांदूळ" म्हणून निवडून टाकतात. ते प्लास्टिक नसते. तांदळाच्याच पिठात लोह व जीवनसत्त्वे मिसळून हे दाणे करतात आणि साधारण शंभर दाण्यांत एक मिसळतात. ते टाकू नका. असा तांदूळ फार चोळून धुऊ नये आणि भाताची पेज ओतून देऊ नये.

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यातील कित्येक घरांतले धान्य भिजले. असे धान्य बुरसले, काळे-हिरवे पडले किंवा त्याला कुबट वास आला, तर धुऊन-वाळवून खाऊ नका. बुरशीचे विष धुण्याने जात नाही, शिजवूनही पुरते जात नाही. ते जनावरालाही घालू नये, दुधातून ते परत घरात येते. खड्ड्यात पुरून टाका. मदतीचे पोते आले तर दुकानातच तोंड उघडून वास घ्या, खराब असेल तर तिथेच बदलून मागा.