अर्थसंकोच : ‘आजार’ या शब्दाचे उदाहरण

शब्दाचा मूळचा व्यापक अर्थ कालांतराने मर्यादित होतो, तेव्हा त्यास ‘अर्थसंकोच’ म्हणतात. आपल्या नित्य वापरातील ‘आजार’ हा शब्द या प्रक्रियेचे बोलके उदाहरण आहे.

आजारपणासाठी मराठीत ‘रोग’ हा संस्कृत शब्द पूर्वीपासून आहे. शके १२१२ मध्ये नेवासे येथे सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीतही तो आढळतो. ‘आजार’ मात्र फारसीतून आला. अहमदनगरची (आजचे अहिल्यानगर) निजामशाही इ.स. १४९० मध्ये स्थापन झाली. अशा राजवटींच्या कारभारातून आणि लोकव्यवहारातून अनेक फारसी शब्द मराठीत रुजले. फारसीत ‘आझार’ म्हणजे पीडा, उपद्रव, छळ. ‘आझुर्दन’ या क्रियापदाचा अर्थ दुखावणे. आजही इराणमध्ये हा शब्द छळ या अर्थाने वापरतात.

जुन्या मराठीतही हा व्यापक अर्थ होता. शिवाजी महाराजांनी चिपळूण परिसरातील लष्करी छावणीस पाठविलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेस जराही ‘आजार’ देऊ नये, अशी ताकीद त्यात आहे. येथे ‘आजार’ म्हणजे रोग असे आपण समजलो, तर सैनिकांनी रोग पसरवू नये, असा भलताच अर्थ निघेल आणि रयतेच्या रक्षणाची ती आज्ञा आपल्या हातून निसटेल. जुनी कागदपत्रे वाचताना शब्द ओळखीचा असला, तरी त्याचा अर्थ त्या काळाचा घ्यावा लागतो, तो यासाठीच.

पुढे सर्व प्रकारच्या त्रासांपैकी केवळ शरीराचा त्रास या शब्दाकडे उरला. त्याला मराठी प्रत्यय जोडून ‘आजारपण’ हे रूपही घडले.

इंग्रजीतील ‘डिसीज’ या शब्दाचा इतिहास असाच आहे. जुन्या फ्रेंचमधून आलेल्या या शब्दाचे दोन घटक आहेत : ‘डिस’ म्हणजे अभाव आणि ‘ईज’ म्हणजे स्वस्थता. चौदाव्या शतकात कोणत्याही अस्वस्थतेला वा गैरसोयीला तो लावीत. पुढे तो रोगापुरता उरला. परस्परांशी संबंध नसलेले दोन शब्द एकाच वाटेने गेले, हे लक्षात घ्या.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न : ‘डोके दुखणे’ आणि ‘मोठ्या दुखण्यातून उठणे’ या प्रयोगांतील ‘दुखणे’ या शब्दाच्या अर्थांची तुलना करा. येथे अर्थसंकोच झाला आहे की अर्थविस्तार, ते सकारण लिहा.