ईसीयूला इंजिन शिकवावं लागतं

सिलिंडरमध्ये पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगी कधी पाडायची, हे आता ईसीयू नावाचा छोटा संगणक ठरवतो. गाडीबरोबर आलेला ईसीयू त्याच इंजिनासाठी बांधलेला असतो आणि त्यातले तक्ते बाहेरच्या माणसाला सहसा बदलता येत नाहीत. म्हणून गाडीत वेगळं इंजिन बसवणारे हौशी लोक बाजारातून स्वतंत्र ईसीयू घेतात. अमेरिकेत ब्रूस बाउलिंग आणि अल ग्रिप्पो यांनी तयार केलेला मेगास्क्वर्ट हा त्यातला गाजलेला डबा. सुटे भाग आणून घरी जोडता येईल असा. एका इंजिनावर असा डबा चांगला चालला, की तारा जोडून तो दुसऱ्यावरही चालेल, उरलेलं नंतर जुळवता येईल, असं बरेच जण धरून चालतात. हे धरून चालणंच महागात पडतं. डब्याला इंजिन दिसत नाही. त्याच्यापर्यंत फक्त विजेचे संकेत पोचतात, आणि त्यांचा अर्थ कुणीतरी मोजून सांगितल्याशिवाय त्याला कळत नाही.

फोर्डच्या चार सिलिंडरच्या दोन लिटर झेटेक इंजिनावर बसवलेला डबा बीएमडब्ल्यूच्या सहा सिलिंडरच्या अडीच लिटर एम-५० इंजिनाला लावायचा आहे, असं समजू. क्रँकशाफ्ट कुठे आहे हे डब्याला एका दातेरी चाकावरून कळतं. फोर्डच्या चाकावर दात्यांच्या ३६ जागा असतात आणि एक दाता मुद्दाम काढलेला असतो. बीएमडब्ल्यूच्या चाकावर ६० जागा आणि दोन दाते काढलेले. म्हणजे एकीकडे दर दहा अंशांना दाता, दुसरीकडे दर सहा अंशांना. चाकाची माहितीच चुकली तर इंजिन बहुधा सुरूच होत नाही, आणि ते बरंच म्हणायचं. खरा धोका पुढे आहे. दाते बरोबर मोजले, पण रिकाम्या जागेपासून पहिला पिस्टन वरच्या टोकाला किती अंशांवर पोचतो हा आकडा चुकला, तर इंजिन सुरू होतं, ठिणगी वरच्या टोकाच्या दहा अंश आधी पडते असं पडद्यावर दिसतं आणि प्रत्यक्षात ती वीस अंश आधी पडते. मिनिटाला ६००० फेऱ्यांच्या वेगात क्रँकशाफ्ट एका मिलिसेकंदात ३६ अंश फिरतो. पूर्ण भाराखाली एवढी चूक पिस्टन फोडू शकते, आणि पडद्यावर तर सगळं ठीक दिसत असतं.

पेट्रोलच्या हिशेबातही अंदाज फसतो. इंजिन मोठं, तेव्हा इंधन जास्त लागणार, असं मनात येतं. पण एम-५०च्या एका सिलिंडरची क्षमता सुमारे ४१६ घनसेंटिमीटर आहे, तर झेटेकच्या एका सिलिंडरची सुमारे ४९७. इंजेक्टर सारखेच असतील, तर फोर्डसाठीचा तक्ता बीएमडब्ल्यूच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये जवळपास एक पंचमांश जास्त पेट्रोल ओतेल. तापमानाच्या सेन्सरची चूक तर लपूनच बसते. मेगास्क्वर्टमध्ये मुळात जनरल मोटर्सच्या सेन्सरचा तक्ता भरलेला असतो. बॉशच्या नेहमीच्या सेन्सरचा रोध २० अंश सेल्सिअसला सुमारे २५०० ओहम असतो. जनरल मोटर्सच्या सेन्सरचा सुमारे ३५००. बॉशचा सेन्सर लावून तक्ता तसाच ठेवला, तर डब्याला थंड इंजिन सात-आठ अंशांनी जास्त गरम वाटतं आणि तो सकाळी पेट्रोल कमी देतो. ८० अंशांच्या आसपास मात्र दोन्ही सेन्सर जवळजवळ एकच रोध दाखवतात. त्यामुळे दुपारी गरम इंजिनावर गाडी तपासणाऱ्याला ही चूक सापडतच नाही.

यावर काही जण म्हणतील, की आता डबा स्वतःच शिकतो. धुराड्यात वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर बसवला की मिश्रण तो आपोआप जुळवून घेतो. ही सोय खरी आहे आणि तिनं बरीच मेहनत वाचते. पण तो सेन्सर जळून गेलेल्या वायूतला ऑक्सिजन मोजतो. ठिणगी कधी पडली हे त्याला समजत नाही. शिवाय थंड इंजिन सुरू होतानाचं आणि ॲक्सिलरेटर अचानक दाबल्यावरचं मिश्रण या आपोआप शिकण्यातून नीट सुधारत नाही. इग्निशन कॉइलचा संकेत उलटा सेट झाला, तर इंजिन बंद असतानाही कॉइलमधून वीज वाहत राहते आणि कॉइल जळते. तिथे कुठलाच सेन्सर मदतीला येत नाही.

मूळ ईसीयूच चांगला, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. रोजच्या गाडीसाठी तो मला पूर्ण मान्य आहे. प्रदूषण, थंडीतली सुरुवात, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सांभाळणं यांवर कंपनीनं घेतलेली मेहनत एकट्या माणसाला पुन्हा करता येत नाही. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं ठरवलेल्या रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाही, म्हणून पुण्या-मुंबईत हे काम करणाऱ्यांनी ते रेसिंग ट्रॅकपुरतंच ठेवावं. आणि तिथेही पहिली किल्ली फिरवण्याआधी सेन्सरचे रोध मल्टिमीटरनं मोजा, कॉइलची दिशा तपासा. मग सॉफ्टवेअरमध्ये ठिणगी दहा अंशांवर बांधून ठेवा आणि पुलीवर टायमिंग लाइट धरा. खूण दहावर दिसत नसेल, तर इंजिन बंद करा आणि रिकाम्या जागेपासूनच्या अंशांचा तो आकडा आधी दुरुस्त करा.