निश्चल बालपण

जुन्या घराच्या दिवाणखान्यात एखादे पिवळसर छायाचित्र टांगलेले आढळते. जरीची टोपी घातलेला चार वर्षांचा मुलगा खुर्चीत ताठ बसलेला असतो आणि त्याच्या पायाशी कुत्रा असतो. मुलाची मुद्रा न्यायाधीशासारखी गंभीर, कुत्र्याची शेपटी मात्र धुरासारखी पुसट. पाहणाऱ्यास वाटते, त्या काळची मुले किती शांत! वस्तुतः ही शांतता स्वभावाची नव्हे, रसायनाची आहे.

1839 साली पॅरिसमध्ये दागेरची कला जाहीर झाली, तेव्हा एका चित्रास कित्येक मिनिटे लागत. 1851 साली आर्चर या इंग्रजाने ओल्या काचेची पद्धत प्रसिद्ध केली आणि मिनिटांचे सेकंद झाले. मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली; डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी यांच्यासारखे विद्वानही या कलेकडे वळले. या पद्धतीत काचेवर कलोडियनचा थर देऊन ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवीत आणि ओली असतानाच चित्र घेऊन धूत.

मार्च 1870 मध्ये मुंबईहून आलेला लोहमार्ग जबलपुरास कलकत्त्याच्या मार्गाला मिळाला. काचा व औषधे आणणे सुकर झाले. भोसल्यांच्या अमदानीपासून तेथे मराठी वस्ती होतीच. पुढे कचेऱ्यांतील नोकऱ्यांनी ती वाढली. परंतु कलोडियनमधील ईथर उष्णतेने झपाट्याने उडते. जबलपूरच्या वैशाखात ओली काच टिकवायची तर सकाळच्या गारव्यात काम उरकणेच शहाणपणाचे.

काचेपेक्षाही अवघड होते ते मूल. मोठ्या माणसाच्या मानेमागे लोखंडी टेकू लावीत; तान्ह्या बाळास तो कसा लावावा? युरोपात आई स्वतःवर कापड पांघरून खुर्चीसारखी बसे आणि बाळाला मांडीवर घट्ट धरी. चित्रात आई दिसत नसे, तिचा आधार मात्र दिसे. जनावरांचे त्याहून कठीण. कुत्रा झोपलेला असेल तरच स्पष्ट उमटे. घोड्याचा लगाम मोतद्दार धरून उभा राही, तरी कान हलत आणि चित्रात दोनाचे चार होत. म्हणूनच कित्येक चित्रशाळांतून लाकडी घोडा ठेवीत. तो न हलता मुलाला सोबत करी. शिवाय ती काच तांबडा रंग ओळखत नसे, त्यामुळे लाल अंगरखा व कपाळीचे कुंकू काळे उमटे.

तरीही आईबाप एवढा खटाटोप करीत, याचे कारण करुण आहे. देवी आणि पटकी यांच्या साथींत मुले भराभर दगावत. मागे राही ती हीच एक प्रतिमा. अशा घरात पुसट झालेला हात हा छायाचित्रकाराचा दोष मानला जात असेल काय? त्या क्षणी मूल जिवंत होते आणि चुळबुळ करीत होते, याची ती साक्षच होय.

1871 साली मॅडॉक्स यांनी जिलेटिनच्या कोरड्या काचेचा मार्ग दाखविला. 1880 च्या सुमारास अशा काचा कारखान्यांत तयार होऊ लागल्या आणि क्षणार्धात चित्र घेणे शक्य झाले. लोखंडी टेकू अडगळीत गेला. 1900 साली मुलांनाही वापरता येईल असा ब्राउनी कॅमेरा एक डॉलरला मिळू लागला. ज्याला इतकी वर्षे हलू नको म्हणून बजावले, त्या मुलाच्याच हाती यंत्र आले. आता कुत्र्याने शेपटी हलविली तरी कोणी रागावणार नव्हते.